घरचा माणूस

हौसाने निरोधचं पाकीट दाताशी नेलं, तशी शालूबाईने तिच्या मनगटावर हलकी चापट मारली.

“दातानं न्हाय. बोटानं. कडंला धर.”

हौसाने पाकीट खाली घेतलं आणि हसली. ती चंदगडकडची, विशीतली पोर. बोळात येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. शालूबाई तिच्यासमोर भिंतीला टेकून बसली होती आणि एड्सविरोधी काम करणाऱ्या संस्थेने दिलेला लाकडी नमुना तिने फरशीवर उभा धरला होता. दर आठवड्याला ती अशी खोल्याखोल्यांतून फिरायची. बोळ लाकडाच्या वखारीमागे होता. करवतीचा आवाज दिवसभर चालायचा, त्यामुळे इथलं बोलणं बाहेर ऐकू जायची भीती नव्हती. तरीही या विषयावर बायका कुजबुजतच बोलायच्या. शालूबाई तेवढी मोठ्याने बोलायची. तीही याच बोळातली, चाळिशी गाठलेली. जुनी दोन-चार गिऱ्हाइकं सोडली तर आता तिचा दिवस संस्थेच्या कामातच जायचा. गिऱ्हाईक नको म्हणालं तर काय बोलायचं, पिऊन आलेला असला तर काय करायचं, ऐकतच नसला तर त्याला हसत हसत दाराबाहेर कसं काढायचं, हे सगळं तिला येत होतं आणि ती ते चांगलं शिकवायची.

हौसाने नमुन्यावर सगळं नीट करून दाखवलं. मग गुडघ्यांना मिठी मारून ती बसून राहिली.

“गिऱ्हाइकाला मी सोडत न्हाय आक्का. पन गुंडूला कसं म्हणू?”

गुंडू शिरोलीकडे एका फौंड्रीत कामाला होता. सुट्टीच्या दिवशी यायचा, तिला पिक्चरला न्यायचा, लग्नाचं बोलायचा. शालूबाईने तिला सगळ्यांना सांगायची तेच सांगितलं, की आजार माणूस बघून येत नाही, जीव लावणारा असला म्हणून आजार थांबत नाही. हौसाने सगळं ऐकून घेतलं.

“ते कळतंय मला. पन त्याला तसं म्हणलं की तो बी गिऱ्हाईक झाला. मग माझं म्हणून कोण ऱ्हायलं?”

शालूबाई नमुना फडक्यात गुंडाळायला लागली. हौसा तिच्या हातांकडे बघत होती.

“तुझ्याकडं बुधवारी येत्यात, त्यास्नी म्हणतीस तू?”

“म्हणते की,” शालूबाई म्हणाली. “सगळ्यास्नी एकच कायदा.”

फडक्याची गाठ तिला सोडून पुन्हा बांधावी लागली.

बुधवारी यायचा तो श्रीशैल. जयसिंगपूरचा. त्याचा स्वतःचा टेम्पो होता. शिरोळ भागातली वांगी, टोमॅटो, ढबू मिरची भल्या सकाळी मार्केट यार्डात उतरवायची, गाडी तिथेच लावायची आणि दुपारी चालत बोळात यायचं, असा त्याचा शिरस्ता. शहाण्णव साली पहिल्यांदा आला तेव्हा तो इतरांसारखाच आला होता, फक्त आवाज जरा हळू होता. घरात कन्नड, त्यामुळे मराठी बोलताना शब्दाच्या शेवटी थोडा रेंगाळायचा. पाकीट स्वतःच्या खिशातून घेऊन यायचा. तेव्हा बोळात संस्था आलेली नव्हती आणि असं आपणहून आणणारा माणूस विरळाच होता.

पुढच्या वर्षी शालूबाईला टायफॉईड झाला. बोळातल्या बायकांनी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेऊन ठेवलं आणि त्या आपापल्या कामाला परत गेल्या. श्रीशैल बुधवारी आला, खोलीला कुलूप बघितलं, आणि विचारत विचारत वॉर्डात पोचला. नर्सने विचारलं, तुम्ही हिचे कोण. तो जरा थांबला आणि म्हणाला, घरचा माणूस. शालूबाई तापात होती, पण हे तिने ऐकलं. दिवस मावळेपर्यंत तो कॉटशेजारच्या स्टुलावर बसला होता आणि मोसंबीची एकेक फोड सोलून तिच्या तळहातावर ठेवत होता.

बरी होऊन ती खोलीवर आली. त्यानंतरच्या एका दुपारी त्याने नेहमीसारखा खिशात हात घातला, तेव्हा तिने तो हात धरला.

“आता हे कशाला? तुमी काय गिऱ्हाईक हाय?”

मग त्याने पाकीट परत खिशात ठेवलं. त्यावर पुढे दोघंही कधी बोलले नाहीत. लग्न झालेल्या बायका आपल्या अक्षतांचा दिवस जपतात तसा शालूबाईने तो दिवस जपला होता. त्याने निळ्या रेघांचा शर्ट घातला होता, खिडकीत गवती चहा वाळत टाकला होता, हे सगळं तिला सांगता आलं असतं. विचारणारं कुणी नव्हतं.

तेव्हापासून बुधवारी तिच्याकडे दुसरं कुणी आलं नाही. श्रीशैल शाकाहारी, म्हणून बुधवारी चुलीवर अंडंसुद्धा चढलं नाही, आणि त्याच्यापुरती भांडी तिने वेगळी घेतली. ती त्याला अहो म्हणायची, नाव घ्यायची नाही. त्यांच्यात खपली गव्हाची खीर कशी करतात ते तिने त्यालाच विचारून घेतलं होतं, आणि पहिल्यांदा खीर जमली तेव्हा तो दोनदा मागून जेवला होता. त्याच्या घरी बायको होती, मुलं होती. त्यांच्याविषयी तो फारसं बोलायचा नाही, आणि ती विचारायची नाही. बायकोचं नावही तिला माहीत नव्हतं.

कधीकधी एकटी असताना ती मनाशी मांडून बघायची. मी बाकी सगळ्यांना वापरायला लावते, म्हणजे माझ्याकडून ह्यांना काही होणार नाही. हे माझ्याशिवाय कुणाकडे जात नाहीत, म्हणजे ह्यांच्याकडून मला काही होणार नाही. यातलं दुसरं वाक्य बोळातल्या दुसऱ्या कुठल्या बाईने उच्चारलं असतं, तर शालूबाई तिच्यासमोर ठाण मांडून बसली असती आणि पटवून दिल्याशिवाय उठली नसती.

दर तीन महिन्यांनी संस्थेत बायकांच्या रक्ताची तपासणी व्हायची. त्याआधी स्नेहल मॅडम एकेकीला आत बोलवून बोलायच्या. वयाने लहान, पण बोलणं शांत. गिऱ्हाइकांशिवाय कायमचा असा कुणी आहे का, हे त्या दर वेळी विचारायच्या. शालूबाई दर वेळी नाही म्हणायची. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. त्यामुळे बोळाच्या बाहेर श्रीशैल जणू नव्हताच. त्याच्या गावात ती कुणाला माहीत नव्हती, आणि संस्थेत तो.

हौसाच्या खोलीतून आल्यावर मात्र तिला चैन पडेना. खोटं बोलल्याचं एवढं नव्हतं, ती आयुष्यात पुष्कळ खोटं बोलली होती. पण आपण खोटं बोललो म्हणून त्या पोरीने गुंडूला काही विचारलं नाही आणि उद्या तिला काही झालं तर, हा विचार भाकरी थापतानाही सुटेना. बुधवार येईपर्यंत तिने ठरवलं.

त्या दिवशी श्रीशैल आला तो दमून आला होता. यार्डात गाड्यांची गर्दी होती, हमाल मिळत नव्हते, असं काहीबाही सांगत त्याने हातपाय धुतले आणि पाटावर बसला. तिने ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मुगाची उसळ वाढली. तो जेवला. पाणी पिऊन कॉटवर जाऊन बसला. शालूबाईने भांडी मोरीत ठेवली, पदराला हात पुसले. दाराजवळच्या फळीवर पत्र्याचा एक डबा असायचा. संस्थेतून आणलेली पाकिटं ती त्यात ठेवायची आणि बोळातल्या बायका लागतील तशी घेऊन जायच्या. त्यातलं एक तिने काढलं.

किती माणसांना, किती प्रकारांनी ती हे वाक्य बोलली होती. आता ते तोंडात येईना. शेवटी तिने पाकीट त्याच्याशेजारी चादरीवर ठेवलं आणि तशीच उभी राहिली.

“आजपासनं हे वापरूया म्हणते मी.”

तो चिडेल असं तिने धरलं होतं. माझ्यावर विश्वास नाही का, असं विचारेल. त्यावर काय सांगायचं तेही तिने जुळवून ठेवलं होतं. खरं तर त्याने थोडं चिडावं, असंही तिला वाटत होतं.

श्रीशैलने पाकीट उचललं, उलटसुलट करून बघितलं.

“बरं,” तो म्हणाला.

“राग न्हाय न्हवं आला?”

“राग कशाचा त्यात? घरात वापरतोयच की मी.”

ती त्याच्या पायाशी, कॉटच्या कडेला बसली. पाळणा लांबवायला का, असं तिने विचारलं.

“तिला तसंच सांगितलंय.” त्याने पाठीमागे उशी ओढून घेतली. “पण तसं न्हाय. तुझ्याकडं येतो म्हटल्यावर बसम्माच्या अंगाला तसाच हात कसा लावायचा? तिला बिचारीला काय म्हाईत हाय. पोरं अजून शाळंत हायत. तिला काय झालं तर घर बसंल की.”

गाडीवर ताडपत्री टाकली, दोरी ओढून बांधली, असं सांगावं तसं तो सांगत होता. त्यात लपवाछपवी नव्हती. तिला हे पटेल, उलट बरंच वाटेल, अशीच त्याची समजूत असावी. ती याच कामात होती.

“कवापासनं?”

“पहिल्यापासनं.” त्याने फळीकडे मान वळवली. “जयसिंगपुरात दुकानात मागायची सोय न्हाय, समदे वळखीचे. आधी हितल्या बाजारातनं घ्यायचो. आता ह्या डब्यातलीच न्हेतो, तू मोरीत असलीस की.” तो थोडा ओशाळून हसला. “चोरी म्हण.”

शालूबाईने मान हलवली. बसम्मा, तिने मनात म्हणून बघितलं. बायकोचं नाव तिला असं कळलं.

मग माझं काय, हे तिने विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. खिशात गेलेला हात तिनेच धरला होता. त्याने फक्त ऐकलं होतं, आणि तेवढंच धरून तो सात वर्षं वागत आला होता. कॉटच्या पायाशी एका जागी चादरीचा धागा निघाला होता. तो तिने बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

“आज संस्थेत मीटिंग हाय,” ती म्हणाली. “जावं लागंल मला.”

“आज? बुधवारी?”

“अचानक ठरलंय.”

त्याने काही खळखळ केली नाही. जरा पडतो म्हणाला, आणि पाच मिनिटांत त्याचा डोळा लागला. शालूबाईने पंख्याचं तोंड त्याच्याकडे केलं आणि उंबऱ्यावर येऊन बसली. आत तो नेहमीसारखा, एक हात छातीवर ठेवून, झोपला होता. वखारीतून ओल्या लाकडाचा वास येत होता. समोरून दोन बायका घागरी घेऊन गेल्या. त्यांनी तिला आज बाहेर कशी म्हणून विचारलं. उकडतंय, असं तिने सांगितलं.

तो उठला, तोंडावर पाणी मारून निघाला. दाराशी चपला घालताना त्याची नजर फळीकडे गेली.

“न्हेऊ?” त्याने विचारलं. आता चोरून न्यायचं कारण नव्हतं.

“न्ह्या की.”

त्याने दोन-तीन पाकिटं घेतली. शालूबाई उठली, डब्यात हात घालून मूठभर काढली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात स्वतःच्या हाताने कोंबली. खिशाचं बटण लागेना.

“एवढी कशाला?”

“असू द्या. कमी पडायला नगोत.”

बोळाच्या तोंडाशी जाऊन तो यार्डाच्या दिशेने वळला. तो वळेपर्यंत ती दारात उभी होती, दर बुधवारी राहायची तशीच.

मीटिंग नव्हती, तरी ती संस्थेत गेली. जिना चढताना तिला आपण का आलो ते सांगता आलं नसतं. स्नेहल मॅडम एकट्याच टेबलाशी उशिराचा डबा खात होत्या. शालूबाईने सांगितलं, माझं रक्त आत्ता तपासा, तीन महिन्यांची वाट बघत नाही. काय झालं, असं त्यांनी विचारलं.

“कायमचा एक माणूस हाय माझा,” शालूबाई म्हणाली. “लई वर्सं झाली.”

मॅडमनी डब्याला झाकण लावलं. इतके दिवस का सांगितलं नाही, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते पुढचंच, त्याच्याबरोबर वापरता का. न्हाय, शालूबाई म्हणाली. जे कबूल करावं लागू नये म्हणून तिने एवढी वर्षं तो माणूसच लपवला होता, ते अगदी सहज तोंडातून निघालं. इतक्या वेळा त्या खुर्चीत बसून तिने असा कुणी माणूस नाही म्हणून सांगितलं होतं. आज तो आहे म्हणाली, आणि आजच तिला त्याची खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला बोलावून घेतलं. रक्तात काही निघालं नव्हतं. मॅडमना मनापासून बरं वाटलेलं दिसत होतं. तीन महिन्यांनी पुन्हा करू, आणि जमलं तर त्यांनाही घेऊन या, असं त्या म्हणाल्या. बघते, असं शालूबाई म्हणाली.

जिना उतरताना ती मधल्या पायरीवर थांबली. ज्याची भीती घेऊन श्रीशैल इतकी वर्षं घरी जात होता, ते तिच्यात नव्हतंच. हे त्याला सांगावं असं तिला वाटलं. खाली टेलिफोनचं बूथ होतं, जयसिंगपूरला त्याच्या शेजाऱ्याचा नंबर तिला पाठ होता. मग खालून कुणीतरी वर यायला लागलं, आणि ती कठड्याला धरून उरलेल्या पायऱ्या उतरली. बूथपाशी ती थांबली नाही.

हौसा दारात केस वाळवत बसली होती. न्हाऊन आलेली, पाठीवर ओला टॉवेल. शालूबाई तिच्याशेजारी पायरीवर टेकली. इकडचं तिकडचं काही न बोलता तिने सांगून टाकलं.

“त्या दिवशी तुला खोटं सांगितलं मी. त्यास्नी कधी म्हणले नव्हते.”

“मला तवाच कळलं,” हौसा म्हणाली. “एरवी तू एवढ्यात गप बसतीस व्हय.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. शालूबाईला वाटलं होतं त्यापेक्षा ते फारच थोडक्यात मिटलं.

“काल म्हणले,” शालूबाई म्हणाली.

हौसाने केसांतून बोटं काढली आणि ती पूर्ण तिच्याकडे वळली. “मग? चिडले?”

“न्हाय.”

“मग काय म्हणाले?”

“बरं म्हणाले.”

“एवढंच?”

करवत सुरू झाली. शालूबाईने ती थांबायची वाट बघितली. हौसाचा चेहरा तिच्या अगदी जवळ होता, ओल्या बटा गालाला चिकटलेल्या, डोळे मोठे झालेले. तिला जे ऐकायचं होतं ते तिने आधीच ऐकून टाकलं होतं. करवत थांबली.

“एवढंच,” शालूबाई म्हणाली.

हौसाने श्वास सोडला आणि ती हसायला लागली. उगाच भ्याले म्हणाली. रविवारी गुंडू आला की त्यालाही विचारते, तसाच बरं म्हणाला तर किती बरं होईल म्हणाली. शालूबाईने पिशवीतून पाकिटं काढून तिच्या हातात दिली. ती तिने मोजल्या-बघितल्याशिवाय पोलक्यात खोचली.

“चांगला माणूस गावला की आक्का तुला.”

“व्हय,” शालूबाई म्हणाली. “चांगला हाय.”

हौसाने कंगवा तिच्या हातात दिला, पाठ फिरवून खालच्या पायरीवर बसली आणि वेणी घट्ट घाल म्हणाली. शालूबाईने केसांचे तीन पेड केले. पोरीचे केस दाट होते, अजून दमट होते. हौसा गुंडूबद्दल बोलत राहिली, लग्न कुठल्या देवळात करायचं, खोली कुठे घ्यायची. शालूबाई मधूनमधून हुंकार देत होती. वेणी घालून झाली तरी हौसाचं बोलणं संपलं नव्हतं. शालूबाईने ती सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.